अफवेला सरकारी उत्तर लिहायचंय? मग आधी हे वाचा

गेली बरीच वर्षं मी आरोग्य खात्यासाठी पत्रकं, पोस्टरं, व्हॉट्सॲपवर फिरवायचे मेसेज असलं सगळं लिहितोय, आणि आधीच कबूल करून टाकतो की पहिली दोनेक वर्षं मी जे लिहिलं त्याचा कुणाला काडीचाही उपयोग झाला नसणार. एकदा लसीबद्दल अफवा उठली, साहेबांनी रातोरात खुलासा काढायला सांगितला, मी काढला, चांगला दोन पानी, सगळे मुद्दे, सगळी आकडेवारी, खाली सही-शिक्का. दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या खोलीबाहेर बसलेल्या एका बाईंच्या हातात तो दिला. त्यांनी अख्खा वाचला, मी समोरच उभा होतो, मग कागदाची नीट घडी घातली आणि मला विचारलं, "म्हणजे घ्यायची का नाही?"

दोन पानांत एवढंच नव्हतं.

तर ज्यांच्या टेबलावर "सदर अफवेचे तात्काळ खंडन करावे" असा कागद येऊन पडतो, म्हणजे आरोग्य केंद्रातले कर्मचारी, खात्याचं पेज चालवणारी पोरं, माहिती अधिकारी, त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रमाने केलंत तर बरं, पण घाई असेल तर निदान उत्तर लिहायचा भाग आणि छापायच्या आधीची तपासणी सोडू नका.

पहिलं म्हणजे, उत्तर द्यायचंय का ते ठरवा

प्रत्येक अफवेच्या मागे धावायचं नसतं. दोनच गोष्टी बघायच्या, ती किती पसरलीय आणि लोकांनी खरी मानली तर काय होईल. २०२० च्या सुरुवातीला इराणमध्ये दारू प्यायल्याने कोरोना बरा होतो असं पसरलं आणि मिथेनॉल पोटात जाऊन शेकडो माणसं मेली, असलं काही कानावर आलं की तासाभरात उत्तर गेलं पाहिजे, मसुदा मंजुरीला पाठवून वाट बघत बसायचं नाही. उलट एखाद्या कोपऱ्यातल्या ग्रुपमध्ये दहा-वीस जण काहीतरी निरुपद्रवी बरळत असतील तर ते खात्याच्या पेजवर "हे खोटं आहे" म्हणून टाकायची गरज नाही, कारण तुम्ही टाकलं की ते दहा जणांचं लाखभर जणांचं होतं. १९७७ साली मानसशास्त्राच्या एका प्रयोगात दिसलं होतं की तेच वाक्य परत परत कानावर पडलं की माणसाला ते जास्त खरं वाटायला लागतं, मग ते खरं असो नाहीतर खोटं. तेव्हा मधल्या गोष्टी नुसत्या वहीत नोंदवा, दोन दिवसांनी परत बघा वाढल्यात का.

आणि "अफवा" हा शब्दही जरा जपून. वुहानमध्ये डॉक्टर ली वेनलियांग यांनी आपल्या सहकाऱ्यांना नव्या आजाराबद्दल सावध केलं तर ३ जानेवारी २०२० ला पोलिसांनी त्यांना बोलावून खोटं पसरवल्याची समज दिली, पुढच्याच महिन्यात ते त्याच आजाराने गेले, आणि मार्चमध्ये ती समज मागे घेऊन घरच्यांची माफी मागावी लागली. कायदा, दंड, पोस्ट उडवणं हे सगळं सरकारच्या हातात असतं आणि कॅन्सर बरा करतो म्हणून पावडर विकणाऱ्यावर ते जरूर वापरावं, पण घाबरून मेसेज पुढे ढकलणाऱ्या माणसावर नाही. त्याला उत्तर हवंय, नोटीस नकोय.

अफवेच्या पोटात प्रश्न असतो, तो काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुणी करत नाही. २००३ मध्ये उत्तर नायजेरियातल्या कानो राज्यात पोलिओचा डोस घेतल्याने मुलं पुढे वांझ होतात असं पसरलं आणि लसीकरण जवळजवळ वर्षभर बंद पडलं, तिथला विषाणू पुढे कितीतरी देशांत गेला. सरकार सांगत होतं लस सुरक्षित आहे, सुरक्षित आहे, पण लोक विचारत होते की तुम्ही कोण सांगणारे आणि ही लस आली कुठून. १९९६ मध्ये त्याच कानोत मेनिंजायटिसच्या साथीत एका परदेशी औषध कंपनीने मुलांवर औषधाची चाचणी केली होती आणि तो वाद कोर्टात गेला होता, म्हणजे भीती आभाळातून पडली नव्हती. शेवटी मार्ग निघाला तो स्थानिक पुढाऱ्यांना तपासणीत सामील करून घेतलं आणि लस इंडोनेशियातून, म्हणजे मुस्लिम बहुसंख्य देशातून, आणली तेव्हा. लस सुरक्षित आहे का हा प्रश्नच नव्हता, भरवसा कुणाचा हा प्रश्न होता.

म्हणून मी काय करतो सांगतो. नर्सच्या टेबलावर एक साधी वही ठेवतो आणि सांगतो की लोक जे विचारतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. "लसीच्या दुष्परिणामांबाबत शंका" असं लिहिलेलं पान माझ्या काही कामाचं नाही. "माझ्या भावाच्या पोराला टोचल्यावर तीन दिवस ताप होता, माझ्या पोराला आधीच दमा आहे, त्याला झेपेल का" हे पान सोन्यासारखं आहे. हेल्पलाइनचे फोन, पेजवरच्या कमेंट, सगळ्याला तोच नियम. आठवड्याने वही चाळलीत की कळतं, चाळीस वेगवेगळ्या अफवा वाटत होत्या त्यांच्या बुडाशी प्रश्न तीन-चारच आहेत.

आता लिहायला बसा

ही आहे जुन्या फाइलीतल्या माझ्याच हस्ताक्षरातली ओळ, लाज वाटते पण देतो:

"सदर लसीकरणानंतर काही लाभार्थ्यांमध्ये सौम्य स्वरूपाची प्रतिकूल लक्षणे दृष्टोत्पत्तीस येण्याची शक्यता नाकारता येत नाही, तथापि नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

या ओळीत माणूस कुठेच नाही, लाभार्थी आहे. काय होणार, किती दिवस होणार, झालं तर काय करायचं, काही नाही. आणि "शक्यता नाकारता येत नाही" हे वाचून माणूस जास्तच घाबरतो, कोर्टात साक्ष दिल्यासारखं वाटतं.

रचना सोपी आहे: आधी खरं सांगा, मग एकदाच, थोडक्यात, लोक काय म्हणतायत ते, मग ते चुकीचं का, आणि शेवटी परत खरं आणि आता काय करायचं ते. फ्लूच्या लसीवर लिहून दाखवतो:

"फ्लूचं इंजेक्शन घेतल्याने फ्लू होत नाही. काही जण सांगतात की टोचून आल्यावर त्यांना फ्लूच झाला. त्यांचा हात दुखला, अंग दुखलं, थोडा ताप आला, हे खरं आहे, पण तो फ्लू नव्हता. इंजेक्शनमध्ये जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे त्यातून आजार होऊ शकत नाही. ताप येतो कारण शरीर तयारीला लागलेलं असतं, आणि तो एक-दोन दिवसांत जातो. लसीचा परिणाम सुरू व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेवढ्यात बाहेरून खरा फ्लू लागू शकतो. लस घेऊनही कधीकधी फ्लू होतो, पण बहुतेक वेळा कमी त्रासाचा. त्यामुळे लस घ्या. ताप दोन दिवसांच्या वर गेला किंवा दम लागला तर थांबू नका, दवाखान्यात या."

यातलं "हे खरं आहे" वालं वाक्य बघा. मंजुरीला पाठवलं की साहेब पहिलं तेच खोडतात, "आपणच कशाला सांगायचं ताप येतो म्हणून". त्यासाठी भांडा, खरंच सांगतो. बाईच्या भावाच्या पोराला ताप आलेला तिने डोळ्यांनी बघितलाय, तुम्ही तो नाकारलात की पुढचं एकही वाक्य ती वाचणार नाही. "लस घेऊनही कधीकधी फ्लू होतो" हेही तसंच, आज लपवलंत तर पुढच्या हंगामात तेच वाक्य तुमच्या विरुद्ध स्क्रीनशॉट म्हणून फिरेल. आणि अफवेचा मोठा स्क्रीनशॉट लावून त्यावर लाल फुली मारायची सवय सोडा. फोनवर घाईत बघणाऱ्याला फुली दिसत नाही, अफवाच दिसते.

शब्दांचं म्हणाल तर कानाला विचारा. "सेवन करावे" नाही, "घ्या". "उपाशीपोटी" लिहिलंत तर जेवणाआधी किती वेळ तेही लिहा. एका वाक्यात एकच काम सांगा. मोठ्याने वाचून बघा, जीभ जिथे अडखळते तिथे वाचणाराही अडखळणार.

आकडे, इथे सरकारं तोंडावर पडतात

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा चूक नव्हता. पण दुप्पट म्हणजे काय, तर दर ७,००० बायकांमध्ये १ ऐवजी २. हे कुणी सांगितलंच नाही, "दुप्पट" तेवढं पेपरात आलं, बायकांनी धडाधड गोळ्या बंद केल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. वर गंमत म्हणजे गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षा जास्तच असतो. ही अफवा नव्हती हो, खरी सरकारी माहिती होती, नुसती वाईट सांगितलेली.

त्याच देशाने ७ एप्रिल २०२१ ला ॲस्ट्राझेनेकाच्या लसीबद्दल मात्र कसं सांगितलं बघा. केंब्रिजच्या लोकांनी केलेला तक्ता पत्रकार परिषदेत दाखवला, वयानुसार, दोन्ही बाजू एकाच मापात. साथीचा जोर कमी असताना २० ते २९ वयाच्या दर १ लाख लोकांत लसीमुळे ०.८ जण आयसीयूत जायचे वाचतात आणि १.१ जणांना लसीमुळे गंभीर गुठळी होऊ शकते. ६० ते ६९ वयात तेच आकडे १४.१ आणि ०.२. बघितल्या बघितल्या कळतं की आजोबांनी घ्यावी आणि नातवाला वेगळ्या कंपनीची द्यावी, आणि सरकारनेही तिशीच्या आतल्यांना वेगळी लस द्यायचं ठरवलं.

तेव्हा नियम असा की "दुप्पट", "५० टक्के जास्त" असलं एकटं कधी सोडायचं नाही. दर इतक्या लोकांत किती, आधी किती नंतर किती, आणि फायदा नि धोका दोन्हीला खालची संख्या तीच ठेवायची. फायदा टक्क्यात आणि धोका लाखात एक असं लिहिणं म्हणजे तराजूत बोट ठेवणं आहे, लोकांना आज नाही तर उद्या कळतं.

माहीत नसेल तर काय लिहायचं

माहीत नाही असं लिहायचं. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने "सत्य" असा मथळा देऊन सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही, आणि पुढे त्यांनाच हवेतून पसरतो म्हणून मान्य करावं लागलं. अमेरिकेत २९ फेब्रुवारीला सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे वरिष्ठ आरोग्य अधिकारी, म्हणाले सामान्य लोकांनी मास्क विकत घेऊ नका, काही उपयोग नाही, ३ एप्रिलला तिथल्याच सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेने, सांगितलं कापडी मास्क वापरा. माहिती बदलली याचा राग लोकांना एवढा येत नाही, काल एवढ्या खात्रीने का सांगितलंत याचा येतो. मी हा साचा वापरतो, हवा तर उचला:

"आत्ता आम्हाला एवढं कळलंय. हे अजून कळलेलं नाही, त्यावर काम चालू आहे. अमुक तारखेला परत सांगू. तोवर हे करा."

तारीख टाकलीत तर त्या तारखेला सांगाच, नवीन काही नसलं तरी "अजून कळलेलं नाही" एवढं तरी सांगा. हे पाळलं नाही तर साचा न वापरलेला बरा.

सांगणार कोण

आयर्लंडमध्ये शाळेतल्या मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूविरुद्धची, लस द्यायचं प्रमाण २०१४-१५ मध्ये ८७ टक्क्यांच्या आसपास होतं, लसीने मुली आजारी पडतात अशी भीती पसरली आणि दोन वर्षांत ते ५० च्या आसपास आलं. सरकारने डॉक्टर, कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्था, पालकांच्या संघटना अशा सगळ्यांना एकत्र आणलं, पण लोकांच्या मनात जाऊन बसली ती लॉरा ब्रेनन. गर्भाशयमुखाचा कॅन्सर झालेली विशीतली मुलगी, तिने स्वतःहून आरोग्य सेवेला संपर्क केला आणि कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की मला ही लस मिळाली असती तर. मार्च २०१९ मध्ये ती गेली, २६ वर्षांची होती. तोपर्यंत लसीकरण परत वर चढायला लागलं होतं.

आता प्रत्येक केंद्राला लॉरा मिळणार नाही, आणि कुणाच्या दुःखाला शोधत फिरायचंही नाही, ती स्वतःहून आली होती हे विसरू नका. पण खालच्या सहीपेक्षा तोंड ओळखीचं असलेलं बरं एवढं नक्की. रोज टोचणारी नर्स तीस सेकंदांच्या व्हिडिओत बोलली तर तो संचालकांच्या भाषणापेक्षा जास्त चालतो. फक्त तिला कागद वाचायला देऊ नका, वहीतला एक प्रश्न द्या आणि बोलू द्या. डेन्मार्कनेही २०१७ पासून याच लसीसाठी मोहीम चालवली तेव्हा फेसबुकवर आयांच्या कमेंटना माणसं बसवून उत्तरं दिली होती, कॉपी-पेस्ट न करता. वेळ खाणारं काम आहे, पण एका आईला दिलेलं उत्तर गप्प बसून शंभर आया वाचत असतात.

अफवा यायच्या आधीच सावध करणं हाही एक प्रकार आहे, ब्रिटनच्या सरकारच्या मदतीने केंब्रिजने ऑक्टोबर २०२० मध्ये "गो व्हायरल" नावाचा पाच मिनिटांचा गेम काढला होता, त्यात खेळणाराच खोटं पसरवतो आणि त्यातल्या युक्त्या शिकतो. चांगलाय, पण आपल्याकडे गेम बनवायला वेळ नसतो. लसीची मोहीम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी "आता तुम्हाला भीती घालणारे व्हिडिओ येतील, त्यात तारीख आणि दवाखान्याचं नाव नसेल, बघा" एवढा मेसेज टाकला तरी पुष्कळ.

छापायच्या आधी हे कराच

"समजलं का?" असं कुणाला विचारू नका. सगळे हो म्हणतात, मीही बँकेत हो म्हणतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या ३९५ रुग्णांचा एक अभ्यास छापून आला, त्यात औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचायला दिली होती, दोन गोळ्या दिवसातून दोनदा. वाचनात कच्चे असलेल्यांपैकी ७१ टक्के लोकांनी सूचना बरोबर म्हणून दाखवली. मग सांगितलं, दिवसभरात किती घ्यायच्या तेवढ्या गोळ्या मोजून दाखवा. बरोबर मोजल्या फक्त ३५ टक्क्यांनी. म्हणजे वाक्य येतं पण चार गोळ्या येत नाहीत.

म्हणून पत्रकाचा कच्चा कागद घ्या, खात्यातल्या कुणाला न दाखवता बाहेर बाकावर बसलेल्या पाच-सहा जणांना द्या आणि म्हणा, "मी हे नीट लिहिलंय का ते मला बघायचंय, हे वाचून तुम्ही घरी जाऊन काय कराल ते सांगा." परीक्षा तुमची आहे, त्यांची नाही, हे बोलण्यातून दिसलं पाहिजे. तिघे एकाच जागी अडकले तर ती ओळ बदला, आणि बदललेली परत नवीन लोकांना दाखवा. युरोपातल्या आठ देशांत २०११ मध्ये पाहणी झाली तर जवळजवळ निम्म्या लोकांना आरोग्याची माहिती समजून वापरणं अवघड जात होतं, शिकलेले-सवरलेले देश हे. अमेरिकेने तर २०२० मध्ये आपली आरोग्य साक्षरतेची (आरोग्याची माहिती समजून वापरता येण्याची) व्याख्याच दोन भागांत केली, एक माणसाची आणि एक संस्थेची, म्हणजे लोकांना समजेल असं सांगणं हे संस्थेचं काम झालं. साहेब "लोकांना कळत नाही हो" म्हणाले की हे सांगायला उपयोगी पडतं.

किरकोळ पण विसरू नये अशा गोष्टी: पत्रकावर तारीख ठळक टाका, नवीन लावलं की जुनं भिंतीवरून काढा (एकाच व्हरांड्यात दोन उलटसुलट सल्ले मी बघितलेत), आणि फोन नंबर छापायच्या आधी स्वतः लावून बघा, दुपारी जेवणाच्या वेळेला लावा. मी एकदा पाच हजार प्रती छापून आल्यावर नंबर लावला तर पलीकडून फॅक्सचा आवाज आला. मग मी आणि दोन शिपाई मामा, तीन दिवस, निळं पेन घेऊन, एकेका कागदावर जुना नंबर खोडून खाली नवीन लिहीत बसलो होतो.